बॅकअप पुरवठ्यातील उलटा प्रवाह: डायोड लावूनही बॅटरी उतरत असेल तर काय तपासावे

मुख्य अडॅप्टर आणि बॅटरी अशा दोन स्रोतांवर चालणाऱ्या उपकरणांत एक तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते. वीज गेल्यावर उपकरण चालू राहते खरे, पण हिशेबापेक्षा कितीतरी लवकर बंद पडते. किंवा वीज नसतानाही अडॅप्टरवरचा दिवा मंद पेटलेला दिसतो. किंवा उपकरण महिनाभर बंद ठेवले तरी बॅटरी पूर्ण उतरलेली सापडते. या तिन्ही लक्षणांचे निदान बहुधा एकच केले जाते, की बॅटरीचा प्रवाह उलटा अडॅप्टरकडे वाहत आहे, आणि उपायही एकच सुचवला जातो, की मध्ये एक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, टाकावा. डायोड टाकल्यावर तक्रार काही काळ थांबते आणि पुन्हा डोके वर काढते, कारण प्रवाह कोणत्या वाटेने परत जातो हे कोणी मोजलेलेच नसते. त्यामुळे भाग बदलण्यापूर्वी वाट शोधणे हे या दुरुस्तीतले खरे काम आहे, आणि पुढचे बहुतेक विवेचन त्याविषयीच आहे.

सर्वांत आधी, हा उलटा प्रवाह आहे की नाही हे ठरवले पाहिजे. बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी प्रत्येकी एका शॉट्की डायोडमधून (कमी व्होल्टेज खाणारा डायोड) एकाच लोडला, म्हणजे वीज वापरणाऱ्या सर्किटला, जोडलेली आहे, अशी नेहमीची मांडणी घेऊ. अडॅप्टर बरोबर १२.० व्होल्ट देतो, डायोडवर ०.४ व्होल्ट पडल्यावर लोडच्या बाजूला ११.६ व्होल्ट उरतात. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी मात्र विश्रांतीच्या अवस्थेत १२.७ व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे तिच्या डायोडनंतर १२.३ व्होल्ट मिळतात. अशा मांडणीत वीज असतानाही सगळा लोड बॅटरीच उचलते आणि अडॅप्टर नुसता बसून राहतो. त्याची पाळी येते तेव्हा बॅटरीचे व्होल्टेज बाराच्या जवळ आलेले असते, म्हणजे ती साधारण निम्मी उतरलेली असते. नंतर वीज गेली की उरलेल्या निम्म्या बॅटरीवर उपकरण चालते, आणि मालकाला वाटते की प्रवाह कुठेतरी गळतो आहे. येथे उलटा प्रवाह मुळीच नाही. डायोड आपले काम चोख करत आहेत. फक्त ज्या स्रोताने पुढे राहायला हवे तो व्होल्टेजमध्ये मागे आहे.

ही स्थिती ओळखणे सोपे आहे. वीज चालू असताना अडॅप्टरच्या डायोडच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावावा, लाल टोक अ‍ॅनोडवर आणि काळे कॅथोडवर (अ‍ॅनोड म्हणजे प्रवाह डायोडमध्ये शिरतो ते टोक, कॅथोड म्हणजे बाहेर पडतो ते). वाचन अधिक ०.३ ते ०.५ व्होल्ट आले तर लोड अडॅप्टरवर आहे. वाचन उणे आले तर अडॅप्टर बाजूला पडला आहे आणि लोड बॅटरीवर आहे. वाचन जवळजवळ शून्य आले आणि लोडही चालू असेल, तर डायोड आतून शॉर्ट झाला असल्याची दाट शक्यता आहे, आणि मग उलट्या प्रवाहाला दार सताड उघडे आहे. सर्किटमधून काहीही न काढता होणारी ही एक चाचणी निम्मे प्रश्न मिटवते, असा माझा अनुभव आहे.

अडॅप्टर मागे पडत असेल तर उपाय व्होल्टेजच्या बाजूचा आहे. शिसे-आम्ल बॅटरी तरंगत्या चार्जवर, म्हणजे फ्लोटवर, १३.५ ते १३.८ व्होल्टला ठेवली जाते. म्हणून मुख्य पुरवठा त्याहून किमान अर्धा व्होल्ट वर, सोयीसाठी १५ व्होल्टचा, असावा. लोडला एवढे व्होल्टेज सोसत नसेल, तर दोन्ही डायोड जिथे एकत्र येतात त्या बिंदूच्या पुढे एक स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, कन्व्हर्टर बसवावा आणि लोडला त्यातून स्थिर पुरवठा द्यावा. अडॅप्टर आहे तोच ठेवून बॅटरीच्या बाजूला दोन-तीन साधे डायोड मालिकेत टाकण्याची युक्तीही केली जाते, पण वीज गेल्यावर तेच डायोड बॅटरीचे दीड-दोन व्होल्ट खाऊन बसतात. बॅकअपचा काळ वाढवण्यासाठी केलेली दुरुस्ती बॅकअपचाच काळ कमी करते, म्हणून ही युक्ती मी टाळण्याचा सल्ला देतो.

आता खऱ्या उलट्या प्रवाहाकडे वळू. त्याची तपासणी करताना एक फसवा आकडा हमखास समोर येतो. वीज बंद करून अडॅप्टरची पिन सॉकेटमधून काढली आणि डायोडच्या अडॅप्टरकडील बाजूला मल्टिमीटर लावला, की तिथे दहा-अकरा व्होल्ट दिसतात, आणि डायोड खराब आहे असा निष्कर्ष लगेच काढला जातो. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध बहुधा १० मेगओहम असतो, आणि तो एवढा मोठा आहे की डायोडमधून जाणारा एखाद-दोन मायक्रोअँपिअरचा नैसर्गिक गळती प्रवाहसुद्धा त्यावर दहा व्होल्ट उभे करू शकतो. असे व्होल्टेज दिसते, पण त्यामागे ताकद नसते. म्हणून त्या बिंदूपासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे पुरवठ्याच्या उणे टोकापर्यंत, १० किलोओहमचा एक रेझिस्टर तात्पुरता जोडून पुन्हा मोजावे. वाचन काही मिलिव्होल्टांवर कोसळले तर ती केवळ डायोडची मामुली गळती होती. वाचन बारा व्होल्टच्या जवळ टिकून राहिले तर त्या रेझिस्टरमधून १.२ मिलिअँपिअर वाहत आहेत, आणि उलटी वाट नक्की आहे. प्रवाह थेट मोजायचा असेल तर बॅटरीच्या तारेत मालिकेत मीटर लावता येतो, मात्र मिलिअँपिअरच्या रेंजमध्ये मीटर लावून लोड चालू केला तर मीटरचा फ्यूज जातो, तेव्हा आधी मोठ्या रेंजपासून सुरुवात करावी.

अडॅप्टरच्या बाजूला डायोडच नसेल तर परत जाणारा प्रवाह नेमका जातो कुठे, असा प्रश्न पडतो. स्विचिंग अडॅप्टरमध्ये आउटपुटवर रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा डायोड, असतो, त्यामुळे प्रवाह ट्रान्सफॉर्मरपर्यंत सहसा पोहोचत नाही. पण रेक्टिफायरनंतर जे काही जोडलेले असते ते सगळे बॅटरीवर जगू लागते. त्यात दर्शक दिवा, आउटपुटवर नजर ठेवणारे फीडबॅकचे रेझिस्टर, ती खबर प्रकाशाद्वारे पलीकडे पोहोचवणाऱ्या ऑप्टोकप्लरचा एलईडी आणि व्होल्टेज आवरण्यासाठी ठेवलेला लहानसा कायमचा लोड येतो. एक किलोओहमच्या रेझिस्टरमागे लावलेला एक साधा दिवा बारा व्होल्टवर सुमारे १० मिलिअँपिअर घेतो. दिवसाला ते २४० मिलिअँपिअर-तास होतात, आणि ७ अँपिअर-तासांची बॅटरी फक्त त्या एका दिव्यावर महिनाभरात रिकामी होते. वीज गेल्यावर मंद पेटलेला दिवा म्हणूनच दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

एलएम३१७ सारख्या, व्होल्टेज स्थिर राखणाऱ्या, रेग्युलेटरने बॅटरी फ्लोटवर ठेवली असेल तर गुंतागुंत आणखी वाढते. या रेग्युलेटरच्या आउटपुटपासून इनपुटकडे एक डायोड लावण्याची शिफारस असते, आणि तो पाहून अनेकांचा समज होतो की उलट्या प्रवाहाचा बंदोबस्त झाला. प्रत्यक्षात त्या डायोडचे काम उलटे आहे. इनपुट अचानक शून्यावर आले तर आउटपुटकडचा प्रवाह रेग्युलेटरच्या आतून न जाता बाहेरून जावा, म्हणजे रेग्युलेटर वाचावा, यासाठी तो असतो. प्रवाह तो थांबवत नाही, उलट त्याला सुरक्षित वाट करून देतो. प्रवाह थांबवायचा तर आउटपुट आणि बॅटरी यांच्यामध्ये मालिकेत स्वतंत्र डायोड हवा, आणि व्होल्टेज ठरवणारे दोन रेझिस्टर त्या डायोडच्या अलीकडे, म्हणजे रेग्युलेटरच्या बाजूला, राहायला हवेत. पलीकडे ठेवले तर व्होल्टेज अचूक मिळते, पण वीज गेल्यावर बॅटरी त्या रेझिस्टरांतून उतरत राहते. २४० ओहमचा नेहमीचा रेझिस्टर वापरला असेल तर हा प्रवाह सुमारे ५.२ मिलिअँपिअर असतो, कारण रेग्युलेटर त्या रेझिस्टरवर १.२५ व्होल्ट धरून ठेवतो. वीज नसताना आकडा थोडा बदलेल, पण परिमाण तेच राहील. अलीकडे ठेवल्यास डायोडवर पडणारे व्होल्टेज हिशेबात धरून रेग्युलेटर तेवढा वर लावावा आणि अंतिम मोजमाप बॅटरीच्या टोकांवरच करावे.

सिंक्रोनस स्टेप-डाउन मॉड्यूल, म्हणजे मॉसफेट नावाच्या दोन इलेक्ट्रॉनिक स्विचांनी व्होल्टेज उतरवणारे मॉड्यूल, बॅटरीला जोडलेले असेल तर त्याची तऱ्हा निराळीच असते. त्यातील वरच्या, म्हणजे इनपुटकडील, मॉसफेटचा अंगभूत डायोड आउटपुटकडून इनपुटकडे वाट देतो, त्यामुळे इनपुट काढून टाकले तरी इनपुटच्या टोकांवर बॅटरीपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट कमी एवढे व्होल्टेज दिसते, आणि त्यावर आतली चिप जागी होऊन चालूही राहते. अशा मॉड्यूलच्या आउटपुटवर वेगळा डायोड किंवा स्विच नसेल तर बॅटरी काही दिवसांत उतरणे स्वाभाविक आहे.

डायोडची निवड हा पुढचा मुद्दा आहे. साधा सिलिकॉन डायोड ०.७ ते १ व्होल्ट खातो, शॉट्की ०.३ ते ०.५ व्होल्ट, म्हणून सगळे शॉट्कीकडे वळतात, आणि दोन-तीन अँपिअरपर्यंत ते योग्यच आहे. ३ अँपिअरच्या लोडला ०.४५ व्होल्ट पडले तर १.३५ वॉट उष्णता होते, आणि ती डायोडच्या पायांतून तांब्याच्या पट्ट्यात जाऊ शकते. पण कमी व्होल्टेज पडण्याची किंमत शॉट्की गळतीच्या रूपाने वसूल करतो. १एन५८१९ या एक अँपिअरच्या डायोडची कमाल गळती पूर्ण उलट व्होल्टेजवर २५ अंश सेल्सिअसला १ मिलिअँपिअर आणि १०० अंशांना १० मिलिअँपिअर धरलेली आहे. प्रत्यक्ष गळती यापेक्षा बरीच कमी असते, पण तापमानाबरोबर ती झपाट्याने वाढते ही गोष्ट बदलत नाही. टेबलावर तपासताना सगळे ठीक, आणि बंद पेटीत उष्णतेच्या शेजारी बसवल्यावर बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर डायोड गरम करून गळती पुन्हा मोजावी. सीआर२०३२ सारख्या नाणे-सेलच्या बाबतीत तर हा हिशेब फारच काटेकोर होतो. त्या सेलची क्षमता २२० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते आणि तो पुन्हा चार्ज करण्याचा सेल नाही. उलटा प्रवाह आत गेला तर तो फुगतो किंवा फुटतो. तिथे कमी गळतीचा डायोड आणि त्याबरोबर मालिकेत एक किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर, असे दोन्ही ठेवावेत, म्हणजे डायोड शॉर्ट झाला तरी रेझिस्टर प्रवाह मर्यादित ठेवतो.

व्होल्टेज वाचवण्यासाठी डायोडऐवजी पी-चॅनेल मॉसफेट वापरला जातो, आणि पुन्हा पुन्हा परत येणाऱ्या तक्रारींचा सर्वांत मोठा वाटा याच टप्प्यावर तयार होतो. बॅटरी उलटी जोडली जाण्यापासून संरक्षण देणारे एक प्रसिद्ध सर्किट आहे: ड्रेन बॅटरीला, सोर्स लोडला आणि गेट ग्राउंडला. ही मॉसफेटची तीन टोके आहेत; गेट सोर्सपेक्षा पुरेसा खाली असला की पी-चॅनेल मॉसफेट ड्रेन आणि सोर्समधली वाट उघडतो. हेच सर्किट उलटा प्रवाहही रोखेल असे समजून ते बॅकअपमध्ये जसेच्या तसे लावले जाते. मॉसफेट चालू असताना त्याची वाट दोन्ही दिशांना सारखीच उघडी असते. गेट ग्राउंडला असल्यामुळे तो कायम चालू राहतो, आणि लोडच्या बाजूला बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज आले की प्रवाह थेट बॅटरीत शिरतो. समजा मुख्य पुरवठा ५ व्होल्टचा आहे, त्याच्या शॉट्कीनंतर लोडवर ४.७ व्होल्ट आहेत आणि बॅटरी एका लिथियम सेलची, ३.७ व्होल्टची आहे. असा सेल ४.२ व्होल्टच्या वर नेता कामा नये. येथे मात्र तो कोणत्याही नियंत्रणाशिवाय ४.७ व्होल्टला जोडला जातो. यात बॅटरी उतरत नाही, म्हणून दोष लक्षातही येत नाही. पण सेल तापणे, फुगणे आणि पेटणे हा त्याचा शेवट असू शकतो. असे सर्किट दिसले तर ते आधी वेगळे करावे आणि मगच पुढचा विचार करावा.

योग्य मांडणीत गेट मुख्य पुरवठ्याला जोडलेला असतो आणि गेटपासून ग्राउंडपर्यंत एक पुल-डाउन, म्हणजे गेटला खाली ओढणारा, रेझिस्टर असतो. मुख्य पुरवठा असताना गेट वर राहतो, मॉसफेट बंद असतो, आणि त्याच्या अंगभूत डायोडचा कॅथोड लोडकडे असल्यामुळे लोडकडून बॅटरीकडे प्रवाह जाऊ शकत नाही. मुख्य पुरवठा गेला की गेट खाली येतो आणि मॉसफेट चालू होऊन बॅटरी लोडला जोडतो. कागदावर हे निर्दोष आहे. प्रत्यक्षात मुख्य पुरवठा काढल्यावर अडॅप्टरची तारच मोकळी होते, आणि गेटचा बिंदू फक्त पुल-डाउन रेझिस्टरवर टांगलेला राहतो. त्याच बिंदूला लोडकडून शॉट्कीची उलटी गळती येऊन मिळते. पुल-डाउन १०० किलोओहमचा असेल आणि शॉट्की २० मायक्रोअँपिअर गळत असेल, तर गेटवर २ व्होल्ट उभे राहतात, ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर मग गेट आणि सोर्स यांच्यात फक्त १.७ व्होल्ट उरतात आणि मॉसफेट अर्धवट चालू राहतो. डायोड तापला, गळती वाढली, की तो जवळजवळ बंदच होतो, लोड अंगभूत डायोडवर येतो, व्होल्टेज अर्ध्या-पाऊण व्होल्टने खाली जाते आणि उपकरण रीसेट होते. हे दिवसातल्या ठराविक वेळीच घडते, त्यामुळे संशय बॅटरीवर जातो आणि चांगली बॅटरी बदलली जाते. उपाय किरकोळ आहे: पुल-डाउन १० किलोओहमचा करावा. त्यामुळे मुख्य पुरवठा असताना अर्धा मिलिअँपिअर जास्त खर्च होतो, पण तो बॅटरीतून जात नाही.

प्रवाह मोठा असेल, किंवा दोन्ही स्रोतांची व्होल्टेज एकमेकांच्या अगदी जवळ असतील, तर आयडियल डायोड कंट्रोलर, म्हणजे मॉसफेटला जवळजवळ घट नसलेल्या डायोडसारखे चालवणारी चिप, वापरणे मला जास्त पटते. एलटीसी४४१२ बाहेरच्या पी-चॅनेल मॉसफेटवर साधारण २० मिलिव्होल्टचे अंतर राखून तो चालवतो, एलटीसी४३५७ हेच काम एन-चॅनेल मॉसफेटने ९ ते ८० व्होल्टपर्यंत करतो, ५.५ व्होल्टपर्यंतच्या लहान उपकरणांसाठी एलएम६६१०० मध्ये मॉसफेट आतच असतो. मात्र सगळे कंट्रोलर सारखे नसतात. काही कंट्रोलर नुसते तुलना करून मॉसफेट पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करतात, आणि त्यांचा बंद होण्याचा उंबरठा शून्यापेक्षा थोडा उणे असतो. मॉसफेटचा रोध १० मिलिओहम आणि उंबरठा उणे २ मिलिव्होल्ट असेल, तर २०० मिलिअँपिअरपर्यंतचा उलटा प्रवाह त्याला दिसतच नाही. जास्त चांगला, म्हणजे कमी रोधाचा, मॉसफेट बसवला की हा आकडा आणखी वाढतो. हलक्या लोडवर हळूहळू उतरणाऱ्या बॅटरीचे कारण अनेकदा येथे सापडते. म्हणून माहितीपत्रकात उलट दिशेचा उंबरठा वाचल्याशिवाय मॉसफेट बदलू नये.

पुरवठ्याच्या तारा सगळ्या तपासून झाल्या आणि तरीही बंद असायला हवा असा भाग अर्धवट जागा दिसत असेल, तर सिग्नलच्या तारांकडे पाहावे. बॅटरीवर चालू राहिलेल्या बोर्डची सीरियल लाइन जर पुरवठा तुटलेल्या चिपच्या पिनला जात असेल, तर त्या पिनच्या आतील संरक्षक डायोडमधून प्रवाह तिच्या पुरवठ्याच्या पट्ट्यावर चढतो. तीन-साडेतीन व्होल्टच्या सर्किटमध्ये त्या पट्ट्यावर दोन-अडीच व्होल्ट दिसणे ही याची खूण आहे. अशा लाइनमध्ये एक ते दहा किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकला तर प्रवाह आटोक्यात येतो. वेगवान सिग्नल असेल तर पुरवठा नसताना पिना पूर्ण सोडून देणारा बफर वापरावा लागतो.

चार्जिंगची वाट पुरवठ्याच्या वाटेपासून वेगळी असावी, हे येथे थोडक्यात नोंदवतो. बॅटरीच्या वाटेत डायोड टाकला की तिच्याकडे येणारा चार्जही थांबतो, आणि मग कोणीतरी त्या डायोडला समांतर एक रेझिस्टर लावतो. प्रवाह चार्जरकडून येतो तशी तीच वाट परतीलाही खुली असते, हे विसरले जाते. चार्जरला स्वतःचा डायोड देऊन थेट बॅटरीच्या टोकाला जोडावे आणि लोडकडे जाणारा डायोड निराळा ठेवावा.

घराच्या वायरिंगला जनरेटर किंवा इन्व्हर्टर जोडताना हा प्रश्न बॅटरीचा राहत नाही. तिथे परत गेलेली वीज वितरण ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन हजारो व्होल्टची होते आणि बंद समजून लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतते. त्यासाठी दोन्ही स्रोत एकाच वेळी जोडले जाणारच नाहीत असा यांत्रिक इंटरलॉक असलेला चेंजओव्हर स्विच हाच उपाय आहे, आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

दुरुस्तीनंतरची चाचणी नुसता प्लग खेचून करू नये. प्लग खेचल्यावर मुख्य पुरवठा झटकन शून्यावर जातो, आणि बहुतेक सदोष सर्किटसुद्धा त्या परीक्षेत उत्तीर्ण होतात. बदलता येणाऱ्या पॉवर सप्लायने मुख्य पुरवठ्याचे व्होल्टेज हळूहळू खाली आणावे आणि प्रत्येक पायरीला बॅटरीचा प्रवाह व त्याची दिशा पाहावी. वर सांगितलेल्या मॉसफेटच्या सर्किटमध्ये मुख्य पुरवठा ३ व्होल्टच्या आसपास रेंगाळला, तर गेट बंद होण्याइतका वर आणि शॉट्की बंद होण्याइतका खाली, अशी मधली अवस्था येते, आणि सगळा लोड अंगभूत डायोडवर पडतो. लोडला तेवढी घट चालत नसेल तर गेटला साध्या रेझिस्टरऐवजी ठराविक व्होल्टेजला पलटणारा कंपॅरेटर द्यावा लागतो. खाली आणून झाल्यावर तेच व्होल्टेज तितक्याच सावकाश वर न्यावे, आणि शेवटी मुख्य पुरवठ्याची टोके १० किलोओहमने बांधून, पेटी नेहमीइतकी तापू देऊन, बॅटरीतून निघणारा प्रवाह पुन्हा एकदा मोजावा.